भाकर काब्र फाटस

धरणगावात आमची गिरणी आहे.
पट्टा सुरू झाला की समोरच्या बँकेतसुद्धा
बोटांच्या खुणांनी व्यवहार चालतो.
त्या गिरणीची वेबसाइट मी केली
संक्रांतीनंतरच्या एका रविवारी, लाइट गेलेली असताना,
फोनच्या हॉटस्पॉटवर.
नाव टाकलं, रंग दिला, ज्वारी-उडदाचा फोटो लावला,
आणि वाट पाहिली.

पहिल्या महिन्यात सात जण आले.
सातही मीच होते.
एकदा तर जळगावला, दातांच्या डॉक्टरकडे
नंबर यायची वाट बघत.

पुण्याहून लोकेश म्हणाला, मावशी, जाहिरात लाव,
दिवसाला दोनशे. नाहीतर मग ऑरगॅनिक,
त्याला फार वेळ लागतो.
मी म्हटलं, दळणालाही लागतो.
पण ते बोलण्यापुरतं. रात्री आलेख उघडून बघायची:
जमिनीला चिकटलेली निळी रेघ.
भुईमूग असेल, म्हणायची,
शेंगा खाली धरल्या असतील.

मग एका रात्री दोन चाळीसला कुणी येऊन गेलं.
माणूस नव्हे. लोकेश म्हणाला, तो बॉट,
पानं वाचतो, नोंद करतो, जातो.
म्हणजे शिरगणतीचा मास्तर.
आमच्या चौकटीवर अजून आहे त्यांच्या खडूचा आकडा,
एकशे बारा.
आत कोण राहतं, काय शिजतं, याच्याशी त्याला घेणं नाही,
पण आकडा पडेपर्यंत
आपण गावात आहोत हे कागदाला कळत नाही.

मी पानं लिहीत गेले.
'कळण्याच्या पिठाचे आहारातील महत्त्व.'
'पारंपरिक धान्यांचा वारसा.'
दहावीच्या निबंधासारखी, समास सोडून.
कुणी फिरकलं नाही. बरोबरच आहे,
पोटात भूक असताना
महत्त्व कोण शोधायला निघतं?

गिरणीत डब्यांची रांग असते.
बायका डबा रांगेत लावतात, मग तोंड मोकळं.
सुपडाबाईच्या नव्या सुनेनं
पट्ट्याच्या वर आवाज चढवून विचारलं,
'माय व, मन्ही भाकर काब्र फाटस?'
सगळी रांग हसली,
मग सगळी रांग एकदम सांगू लागली.
पाणी कढत घे. कढत नको, कोमट.
पीठ शिळं असेल. उडीद कमी पडला असेल,
इचार गिरणीवाल्यास्ले.
आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

घरी जाऊन तेच लिहिलं. मथळा तोच,
एक अक्षर न सुधारता.
भांडणासकट लिहिलं: कोमटवाल्या, कढतवाल्या,
आणि चाराला एक या आमच्या मापात
उडीद जुना निघाला तर काय होतं, तेही.

सहा आठवडे काही नाही.
मग एक. मग तीन.
मग एका मंगळवारी एकोणीस,
आणि त्यात मी फक्त एकदा.

कुठून आले ते पडद्यावर दिसतं.
सुरत. सुरत. वापी.
नाशिक. पुन्हा सुरत.
वेळ रात्री बारानंतरची,
मागांची पाळी सुटल्यावरची.
काय टाइप केलं तेही दिसतं, घाईतलं, मोडकं:
भाकर फाटस काय करु
कळना भाकर तवाले चिकटस
माय सारखी भाकर

या तिसऱ्याला माझ्याकडे पान नाही.
दोनदा मथळा टाकला. दोनदा पुसला.

लिंबायतहून एकाचा फोन आला. आवाज कोवळा,
मागे कुणाच्या तरी कुकरची शिटी.
ताई, पाणी किती गरम?
म्हटलं, बोट बुडवून तीन म्हणेपर्यंत सोसेल एवढं.
'थांबा, देखस,' म्हणाला,
आणि फोन तसाच ओट्यावर ठेवून गेला.
मला थापण्याचा आवाज येत राहिला,
चुकत, अडखळत, मग जरा बरा.
पीठ त्यानं मागवलं नाही.

ऑर्डरी आजवर चौदा,
त्यातल्या दोन आत्याच्या.
सुकलाल पट्टा चढवता चढवता विचारतो,
त्या वेबसाइटनं गिऱ्हाईक वाढलं का काही?
मी म्हणते, गिऱ्हाईक नाही रे, रांग वाढली.
तो दारातून वाकून बघतो.

बाहेर तीन डबे.